रुग्णालयाला दुभाषी हवा

दरवर्षी २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन साजरा होतो. व्यासपीठावर पाहुणे बोलतात, शेजारी उभी असलेली व्यक्ती झरझर हात चालवते, छायाचित्रे निघतात. कार्यक्रम संपला की ती व्यक्ती कुठे जाते, हे फारसे कुणी विचारत नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत तरी ती सहसा दिसत नाही. तिथे कर्णबधिर रुग्ण आला, की केसपेपरच्या खिडकीपासून डॉक्टरच्या टेबलापर्यंत एकच प्रश्न त्याच्या पुढे पुढे चालतो: ‘बरोबर कोण आहे?’

प्रश्न साधा आहे, विचारणाऱ्याच्या मनात वाईटही काही नसते. पण त्याचा अर्थ असा होतो, की या रुग्णाशी बोलण्याची जबाबदारी रुग्णालयाची नाही, त्याच्या नातेवाइकाची आहे. २०११च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या देशभरात ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. त्या सगळ्याच काही सांकेतिक भाषा वापरत नाहीत. उतारवयात ऐकू येईनासे झालेल्यांची भाषा मराठी किंवा हिंदीच राहते. मात्र जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यातील अनेकांचे सगळे बोलणे, भांडणे, विनोद, प्रेम हे हातांच्या भाषेत चालते. त्यांना डॉक्टरशी बोलायचे असेल तर मध्ये प्रशिक्षित दुभाषी लागतो. असा दुभाषी घडतो कसा, आणि घडूनही तो आपल्यापर्यंत का पोहोचत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

नातेवाईक दुभाषी झाला की

पोटात दुखते म्हणून एखादी कर्णबधिर स्त्री येते. सोबत नवरा किंवा सासू. पाळी कधी चुकली, आधी गर्भपात झाला होता का, घरी मारहाण होते का, असे प्रश्न त्यांच्याच तोंडून तिच्यापर्यंत जाणार आणि उत्तरेही त्यांच्याच तोंडून परत येणार. डॉक्टर दोन मिनिटे विचारतो, नातेवाईक एक खूण करतो, रुग्ण बराच वेळ हात हलवून काही सांगते आणि उत्तर येते, ‘काही नाही म्हणते.’ मधल्या मजकुराचे काय झाले, हे कुणालाच कळत नाही.

याहून अवघड प्रसंग मुलांचे असतात. आईवडील कर्णबधिर आणि मुलाला ऐकू येते, अशा घरांत आठ-दहा वर्षांचे मूलच दुभाषी बनते. आईला कर्करोग आहे, गर्भाशय काढावे लागेल, हे त्या मुलाने आईला सांगायचे? त्याला शब्द ठाऊक नाहीत, आणि ठाऊक असते तरी ते ओझे त्याच्या खांद्यावर टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

चुका किती होतात याचा अंदाज बोलीभाषांवरील एका अमेरिकी अभ्यासातून येतो. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या बालरुग्ण तपासण्यांचे ध्वनिमुद्रण तपासले होते. दर तपासणीत दुभाषणाच्या सरासरी ३१ चुका आढळल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक उपचारांवर परिणाम करू शकणाऱ्या होत्या. ऐनवेळी पकडून आणलेल्या दुभाष्यांच्या चुका अधिक गंभीर होत्या. तिथे निदान दोन्ही भाषा तोंडाने बोलायच्या होत्या. आपल्याकडे घरातल्या माणसाला बहुतेकदा पूर्ण सांकेतिक भाषा येतच नाही. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, आणि अशा घरांत जेवण, झोप, शाळा, पैसे एवढ्यापुरत्या घरगुती खुणा तयार होतात. ‘रक्त पातळ करणारी गोळी शस्त्रक्रियेच्या पाच दिवस आधी बंद करा’ हे त्या खुणांत बसत नाही.

संमतीचा मुद्दा तर थेट कायद्याचा आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये सांगितले, की रुग्णाची संमती खरी ठरायची तर उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय याची पुरेशी माहिती त्याला मिळायला हवी. कागदावरची सही म्हणजे समजल्याचा पुरावा नाही. ‘लिहून दाखवा, वाचता येते ना?’ हा उपायही वाटतो तेवढा सरळ नाही. जन्मतः कर्णबधिर व्यक्तीसाठी मराठी ही कानावर कधीच न पडलेली, पुस्तकातून शिकलेली दुसरी भाषा असते. संमतीपत्रातली बोजड मराठी ऐकू येणाऱ्यांनाही कळत नाही, तिथे त्याची काय कथा.

न्यायालयांनी या बाबतीत रुग्णालयांपेक्षा पुढचा विचार केला आहे. १८८५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गळा चिरल्यामुळे बोलू न शकणाऱ्या तरुणीने हाताच्या खुणांनी दिलेली उत्तरे मृत्युपूर्व जबाबात ग्राह्य धरली होती. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खुनाच्या खटल्यात कर्णबधिर साक्षीदार स्त्रीचे दुभाषी तिचे वडीलच होते. दुभाष्याचा प्रकरणात हितसंबंध नसावा आणि त्यालाही शपथ द्यायला हवी, असे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले. आरोपीची सुटका कायम राहण्यामागे या साक्षीतील त्रुटी हे एक कारण होते. साक्षीसाठी वडील चालत नाहीत. मग शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी नवरा कसा चालतो?

हातवाऱ्यांना व्याकरण असते

सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे, आणि हातवारे कुणालाही जमतात, हा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे. अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी १९६०मध्ये दाखवून दिले, की सांकेतिक भाषेला स्वतःची रचना असते. हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांतले काही बदलले की अर्थ बदलतो. जसे ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांत एका ध्वनीने बदलतो. भारतीय सांकेतिक भाषाही मराठी किंवा हिंदीचे हातांनी केलेले भाषांतर नाही. तिच्यात प्रश्नार्थक खूण आणि नकार सहसा वाक्याच्या शेवटी येतात. भुवया, मान, ओठ, खांद्यांचा कल हे व्याकरणाचे भाग असतात. समोरच्या मोकळ्या जागेत माणसे ‘ठेवून’ त्यांच्यातले संबंध दाखवले जातात. जगभर एकच सांकेतिक भाषा आहे, हेही खरे नाही. अमेरिकी भाषेत मुळाक्षरे एका हाताने दाखवतात, आपल्याकडे इंग्रजी अक्षरांसाठी प्रामुख्याने दोन हात वापरतात.

मेंदूविज्ञानानेही याला दुजोरा दिला आहे. कर्णबधिर व्यक्तीच्या मेंदूच्या डाव्या भागाला पक्षाघाताने इजा झाली, तर तिची सांकेतिक भाषा बिघडते. हात हलतो, पेला उचलता येतो, पण खुणा अडखळतात किंवा त्यांचा अर्थ लागत नाही. ऐकू येणाऱ्या माणसाची वाचा जाते, तसेच हे. उर्सुला बेल्यूजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात केलेले हे संशोधन आता पाठ्यपुस्तकांत आले आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ अपघात विभागात समजतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि बोलणे बिघडणे हे आपले एक मुख्य लक्षण. कर्णबधिर रुग्णाचे ‘बोलणे’ बिघडले आहे, हे ती भाषा जाणणाऱ्याखेरीज कोण ओळखणार? मानसोपचार विभागातही हाच पेच असतो. जोरकस, भरभर चाललेले हात पाहून रुग्ण बेभान झाला आहे असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो, प्रत्यक्षात तो फक्त रागावलेला असतो.

‘ओठ वाचता येतात ना?’ असेही विचारले जाते. ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. त्यात डॉक्टरच्या तोंडावर मास्क असेल तर तोही आधार गेला. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या रुग्णाचे कानामागचे यंत्र शस्त्रक्रियेआधी उतरवून ठेवले जाते. म्हणजे ज्या क्षणी माणूस सर्वांत घाबरलेला असतो, नेमक्या त्याच क्षणी त्याला काही ऐकू येत नाही. लहान वयात निदान आणि इम्प्लांट यांचे महत्त्व मी अजिबात कमी लेखत नाही. पण ते वय उलटून गेलेली पिढीच्या पिढी आपल्या समोर आहे आणि तिला आज डॉक्टरशी बोलायचे आहे.

दुभाषी घडतो कसा

आपल्याकडे या शिक्षणाची चौकट तयार आहे. केंद्र सरकारने २०१५मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे महाराष्ट्रातले जुने आणि महत्त्वाचे केंद्र. सांकेतिक भाषा दुभाषणाची पदविका दोन वर्षांची आहे, बारावीनंतर करता येते आणि तिला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे. सांकेतिक भाषा शिकवण्याची वेगळी पदविका कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी आहे. ही वाटणी योग्यच आहे. मराठी शिकायची तर ती मराठी घरात जगलेल्या माणसाकडून शिकावी, तशी ही भाषा कर्णबधिर शिक्षकाकडूनच अंगात भिनते.

सुरुवातीचा काळ भाषा शिकण्यातच जातो. तो कठीणही असतो, कारण आपण ऐकू येणारी माणसे चेहरा कोरा ठेवून बोलायला सरावलेलो असतो. विद्यार्थ्याला आधी भुवया उचलायला, गाल फुगवायला, समोरच्याच्या हातांकडे न बघता चेहऱ्याकडे बघत हात टिपायला शिकावे लागते. त्याबरोबर कर्णबधिर समाजाचा इतिहास येतो. १८८०मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून हातांची भाषा हद्दपार करून फक्त तोंडी शिक्षणाचा ठराव केला. त्यानंतर जगभरच्या कितीतरी शाळांत मुलांना हात बांधल्यासारखे बसवले गेले. ‘मूकबधिर’ हा आपल्याकडचा शब्द अनेकांना का खटकतो, हेही इथे उमगते. ही माणसे मूक नाहीत, त्यांचे बोलणे आपल्याला कळत नाही एवढेच.

भाषा आली म्हणजे दुभाषी झाला, असे मात्र नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही येणारा प्रत्येक जण उत्तम अनुवादक असतो का? दुभाष्याला ऐकलेल्या वाक्यातले शब्द सोडून अर्थ पकडावा लागतो, तो दुसऱ्या भाषेच्या साच्यात बसवावा लागतो आणि त्याच वेळी पुढचे वाक्य ऐकावे लागते. मराठीत दुखणे किती तऱ्हांचे! ठणकते, चमक निघते, मुरडा येतो, जळजळते, रग लागते. डॉक्टरचे निम्मे निदान या शब्दांत असते. त्याउलट, हातांच्या भाषेत दुखण्याची खूण दुखऱ्या जागीच करून चेहऱ्याने त्याची तीव्रता दाखवता येते. ती तीव्रता ‘थोडे दुखते म्हणे’ अशी सपाट करून सांगितली, तर निदान चुकू शकते.

यापुढचा भाग आचारसंहितेचा. दुभाषी ‘ती म्हणते की’ असे बोलत नाही. रुग्णाच्या वतीने ‘मला’ असेच म्हणतो, म्हणजे संवाद डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातच राहतो. तो सल्ला देत नाही, काही गाळत नाही, भर घालत नाही. ऐकलेले बाहेर सांगत नाही. एखादी गोष्ट समजली नाही तर अंदाजाने पुढे न रेटता ‘पुन्हा सांगा’ असे म्हणण्याचे धैर्य दाखवतो. ‘मला येते सांकेतिक भाषा’ म्हणून मदतीला धावणारा भला माणूस आणि प्रशिक्षित दुभाषी यांच्यातला फरक इथेच दिसतो.

डोक्यावरचा आणि खांद्यावरचा भार

डॉक्टर म्हणून या व्यवसायाच्या आरोग्याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. एकाच वेळी ऐकणे, समजणे आणि दुसऱ्या भाषेत मांडणे याने मेंदू लवकर थकतो. जिनिव्हा विद्यापीठातील एका छोट्या अभ्यासात (१९९८) बोलीभाषांच्या दुभाष्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ सलग काम दिले गेले. साधारण अर्ध्या तासानंतर चुका वाढत गेल्या आणि लक्षणीय म्हणजे त्यांचे काम ढासळते आहे हे त्यांना स्वतःला उमगत नव्हते. म्हणूनच लांबलचक कामासाठी दोन दुभाषी नेमून दर वीस-तीस मिनिटांनी आलटूनपालटून काम करण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे मात्र दिवसभराच्या कार्यक्रमाला एकच दुभाषी बोलावून पैसे वाचवले जातात. मान, खांदे, मनगट यांची दुखणी या व्यवसायात ठरलेली. शिवाय बलात्कारपीडितेची हकिकत ‘मला’ असे म्हणत सांगणाऱ्या दुभाष्याच्या मनावर काय ओरखडे उमटत असतील, याचा विचार आपण केलेला नाही.

पदच नाही, तर शिकायचे कशाला?

आता मूळ दुखण्याकडे. पुनर्वास परिषदेच्या नोंदीवरील दुभाष्यांची संख्या वर्षानुवर्षे काही शेकड्यांतच मोजली जात आली आहे. उदार मनाने ती एक हजार धरली आणि जनगणनेतले सगळे ५० लाख न धरता त्यांचा पाचवा हिस्साच धरला, तरी एका दुभाष्याच्या वाट्याला एक हजार माणसे येतात. आणि हे दुभाषीही मोठ्या शहरांतच एकवटलेले असतात.

कायदा कमी पडत नाही. भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७मध्ये मान्य केला. त्यात व्यावसायिक सांकेतिक भाषा दुभाष्यांचा उल्लेख आहे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा ‘अडथळा’ या शब्दात संवादाचा अडथळाही धरतो आणि त्याचे २५वे कलम सरकारी व खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळामुक्त प्रवेशाची हमी देते. आपण त्याचा अर्थ उतरंड आणि रुंद दरवाजा एवढाच घेतला. आतापर्यंत मी ज्या सरकारी रुग्णालयांत काम केले, त्यांतल्या एकाच्याही आकृतिबंधात दुभाष्याचे पद नव्हते. क्ष-किरण तंत्रज्ञाचे पद मंजूर नसते तर क्ष-किरण तंत्रज्ञानाची पदविका कुणी केली असती?

अभ्यासक्रमांच्या जागा वाढवल्या की प्रश्न सुटेल, असे म्हणणारे ही साखळी उलटी धरतात. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी दोन वर्षे शिकून पुढे कधी कार्यक्रमाला, कधी न्यायालयात, कधी बातमीपत्राला अशा तुटक मानधनावर जगणार असेल, तर हुशार विद्यार्थी दुसरीकडे वळणारच. फिनलंडमध्ये ऐकण्याचे वा बोलण्याचे अपंगत्व असलेल्या पात्र व्यक्तीला वर्षाला किमान १८० तासांच्या दुभाषी सेवेचा हक्क कायद्याने आहे. तासांची हमी असली की कामाची हमी येते, कामाची हमी आली की शिकणारे येतात.

अलीकडच्या काही घडामोडी मात्र आशा वाढवणाऱ्या आहेत. सांकेतिक भाषेच्या सरकारी शब्दकोशात २०२१पर्यंत १० हजार शब्द झाले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने माध्यमिक स्तरावर ही भाषा एक विषय म्हणून आणली. सप्टेंबर २०२३मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात उपस्थिती लावली. त्याच वर्षी दिल्लीच्या केंद्राने व्हिडिओ कॉलवरून दुभाषी उपलब्ध करून देण्याची सेवा सुरू केली. कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकू येणाऱ्या मुलांना त्यांच्या जन्मजात कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली आहे. ही मुले आपला सर्वांत जवळचा साठा आहेत. त्यांना भाषा येते, फक्त दुभाषणाची शिस्त आणि वैद्यकीय शब्दसंपदा द्यायची आहे.

लगेच करण्यासारखे

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग त्याच्याबरोबर बसले, तर फार मोठ्या खर्चाविना सुरुवात होऊ शकते. प्रत्येक तालुक्याला दुभाषी देणे आज शक्य नाही, हे मान्य. पण राज्यासाठी एक व्हिडिओ दुभाषी कक्ष शक्य आहे. चोवीस तास, एका वेळी दोन दुभाषी, असा हिशोब केला तर सुट्ट्या धरून आठ-दहा जणांत तो चालतो. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांच्या अपघात विभागांत आणि प्रसूतिगृहांत एकेक टॅब्लेट आणि बरे नेटवर्क पुरेसे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मात्र प्रत्यक्ष पदे हवीत, कारण प्रसूतीच्या टेबलावर किंवा शुद्धीवर येणाऱ्या रुग्णाला पडदा पुरत नाही.

केसपेपरवर रक्तगटाप्रमाणे ‘संवादाची भाषा’ असा एक रकाना छापायला तर काहीच पैसे लागत नाहीत. रुग्ण आधी येऊन गेला असेल तर पुढच्या तारखेला दुभाषी आधीच ठरवता येईल. परिचारिकांना आणि आंतरवासितांना पंचवीस-तीस मूलभूत खुणा शिकवाव्यात: नमस्कार, दुखणे, कधीपासून, श्वास घ्या, घाबरू नका. त्याने दुभाष्याची गरज संपणार नाही, पण रुग्णाला आपण माणसांत आहोत असे वाटेल. आणि दुभाष्याच्या पदविकेत वैद्यकीय महाविद्यालयांनी काही आठवड्यांचे रुग्णालयीन प्रशिक्षण उघडून द्यावे. शरीररचना, औषधांची भाषा, संमतीची प्रक्रिया हे तिथेच शिकता येते.

खुणांचे भाषांतर करणारी यंत्रे आणि हातमोजे यांच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यांचे स्वागत आहे. पण ज्या भाषेत भुवईने प्रश्न आणि मानेने नकार ठरतो, तिचे संमतीपत्र यंत्रावर सोपवण्याची वेळ अजून आलेली नाही.

वाचकांपैकी कुणाच्या घरात बारावी झालेले, माणसांत रमणारे, भाषेची आवड असलेले मूल असेल, तर या पदविकेची माहिती जरूर घ्यावी. आणि घरात, शेजारी कर्णबधिर कुणी असेल, तर रुग्णालयात जाताना ‘आम्हाला दुभाषी हवा’ अशी लेखी मागणी करावी आणि तिची पोच घ्यावी. आज बहुतेक ठिकाणी ‘तशी सोय नाही’ असे उत्तर येईल. तेही लेखी मागावे. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे: ज्या गरजेचा कागद नाही, तिच्यासाठी पद मंजूर होत नाही.